रिनाची पक्की नोकरी

माझी मुलगी रिना माजरीजवळच्या कोळसा खाणीत डंपर चालवते. आमचं शेत खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. मुलगा नाही, म्हणून तिचं नाव दिलं. घराएवढ्या त्या गाडीवर ती पहिल्यांदा चढली, तेव्हा मला भीतीनं वर बघवेना. तेव्हा भीती फक्त गाडीची होती.

जावई विक्की त्याच खाणीत ठेकेदाराकडे गार्ड आहे. तिच्या पगारापुढे त्याचा पगार म्हणजे चहापाणी. पानठेल्यावर लोक त्याला सोडत नाहीत. "काऊन विक्कीभाऊ, आज वहिनीनं खर्चाले देल्लं का नाई?" तो तिथे हसतो. घरी येऊन मारतो.

रिनाला वाटलं, पैसा हाती दिला की राग जाईल. तिनं एटीएम कार्ड त्याला दिलं. मग त्याच्या नावानं मोटारसायकल घेतली. पानठेल्यावर नवीच चेष्टा निघाली, "हुंड्याची हाये का बायकोच्या पगाराची?" त्या दिवशीच्या थापडेनं तिला एका कानानं अजून कमी ऐकू येतं.

आज दुपारी ती आली ती उजवं मनगट प्लास्टरमध्ये घेऊन. दवाखान्यात सांगितलं, न्हाणीत घसरली.

"इथीच राह्य," मी म्हटलं. "पोलिसात जाऊ."

"नाई आई. मी अनफिटचा अर्ज करतो."

खाणीत ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. कामगार कायमचा निकामी ठरला, तर नोकरी घरच्या माणसाला मिळेल, अशी आशा असते.

"नोकरी त्याले लागली का मंग कायले मारन तो?"

"पोरी, तुयाजवळ पगार हाये तरी मारते. उद्या त्याच्या हातचं खाशील तेव्हा?"

"लोकं तं बोलणार नाई ना त्याले."

"हे अनफिटचं कोणाच्या डोक्यातून निंगालं?"

"त्याच्याच."

"कधी बोलला? हात मोडल्यावर, का आधी?"

तिनं चहा मागितला.

संध्याकाळी विक्की घ्यायला आला. माझ्या पाया पडला. "आई, तिले आता आरामच पाहिजे." तिला एका हातानं ओढणी बांधता येईना, तर त्यानंच बांधून दिली, अगदी जपून.

मी त्याला गाडी सावकाश चालव म्हणाले. सोमवारी अर्ज देणार आहेत.