आट्याच्या लेन्सवाले दाजी

स्क्रूच्या आट्यांमुळे फोटोग्राफीत शिरलेला माणूस उभ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. इतर लोक या छंदाकडे डोंगरदऱ्या बघून वळतात, घरात नातवंड आलं म्हणून वळतात. आमचे दाजी मावळातल्या कान्हे गावचे, घरची भातशेती सांभाळून सगळी नोकरी एका कारखान्यात लेथ मशीनवर केलेले टर्नर. लोखंडावर आटे पाडणं हे त्यांचं काम आणि माझ्या मते तीच त्यांची पूजाअर्चा. ते निवृत्त झाले, लेथ सुटली, पण आटे सुटले नाहीत. कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर देवाच्या फोटोआधी नळाकडे जाते. नळ गळत असेल तर चहा बाजूला ठेवून ते उठतात. एकदा आमच्याकडे लोणावळ्याला जेवायला आले आणि निम्मा वेळ मोरीत बसून राहिले. ताईने बाहेरून विचारलं, “अहो, पानं वाढलीत, येताय ना?” आतून उत्तर आलं, “हितं कुनीतरी आट्यावर जुलूम केलाय.”

झाकण लावण्याची त्यांची एक रीत आहे. बरणी असो की बाटली, झाकण आधी उलटं फिरवायचं. फिरवता फिरवता एका जागी ते किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. तिथे आट्याला आट्याचं तोंड सापडलेलं असतं. मग सुलटं फिरवायचं, आणि जोर म्हणून लावायचा नाही. माझ्या भाचीला बघायला पुण्याहून मंडळी आली होती, तेव्हा शिक्षण, नोकरी, घरदार यांतलं दाजींनी काहीच विचारलं नाही. जेवताना मुलाने लोणच्याची बरणी उघडली, फोड घेतली आणि झाकण लावताना ते आधी हळूच उलटं फिरवलं. पाहुणे गाडीत बसल्यावर दाजी ताईला म्हणाले, “पोरगा समजूतदार हाय. हो म्हना.” भाचीनेही हो म्हटलं, अर्थात तिची कारणं वेगळी होती. संसार उत्तम चालला आहे आणि दाजी त्याचं सगळं श्रेय लोणच्याच्या बरणीला देतात.

तर अशा माणसाला मी लोणावळ्याच्या बाजारात घेऊन गेलो होतो. तिथला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालकाने पडदे, तिवया, फ्लॅशच्या छत्र्या असं सगळं फुटपाथवर मांडलं होतं. त्यात एक जुनी लेन्स होती, काळी, वजनदार, मूळची कुठल्यातरी रशियन कॅमेऱ्याची. दुसऱ्या कुणीही तिच्यातून आरपार पाहिलं असतं. दाजींनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूच्या आट्यावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवलं. “बेचाळीसचा आटा. एक मिलिमीटरचा पिच,” ते म्हणाले. पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. “बारीक हाय, पन लय इमानदार काम हाय, पावनं.” स्टुडिओच्या मालकाला जन्मात प्रथमच आपल्या लेन्सची अशी स्तुती ऐकायला मिळाली असावी. त्याने ती तशीच दाजींच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “घेऊन जा, काका. तुमच्याकडे सुखी राहील.”

दोन वर्षं ती लेन्स कपाटात नुसती सुखी राहिली. मग भाचीने बापाला वाढदिवसाला नवा कोरा कॅमेरा आणला. त्याची स्वतःची लेन्स मोठी हुशार होती. समोर माणूस आला की आपोआप त्याचा डोळा शोधायची आणि बारीक गुणगुणत फोकस जुळवायची. दाजींनी पहिल्याच दिवशी ती काढली आणि मागून निरखली. “ह्याला आटंच न्हाईत. दाराच्या कडीवानी खटकन बसतंय.” ती लेन्स पेटीत गेली ती आजतागायत पेटीतच आहे. आता नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसवायला मध्ये एक अडॅप्टर लागतो. अडॅप्टर म्हणजे एक कडी, एका बाजूने कॅमेऱ्यात अडकणारी आणि दुसऱ्या बाजूला लेन्सचे आटे घेणारी. भाचीने ती तयार मागवून दिली. दाजींनी तिच्यात लेन्स फिरवून पाहिली, चेहरा कडू केला आणि तळेगावला एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपात जाऊन स्वतःच्या हाताने दुसरी कडी केली.

ही कडी केसभर जाड झाली. त्याचा परिणाम असा की जवळचं सगळं स्पष्ट दिसे, पण लेन्स आडव्या आठाच्या खुणेपर्यंत नेली तरी दूरचं काही केल्या स्वच्छ होईना. आडवा आठ म्हणजे अनंताची खूण. दाजी तिला आडवा आठच म्हणतात. कान्ह्याच्या घराच्या गच्चीवरून पलीकडे विसापूर गडाचा कडा दिसतो. दर रविवारी दाजी तळेगावहून कडी एवढीशी तासून आणायचे आणि मला फोन करायचे, “या, गड बगू.” मी लोकलने कान्ह्याला उतरायचो. गच्चीवर धुण्याच्या दोरीशेजारी तिवई उभी असायची. खाली खाचरांत इंद्रायणी भाताचा वास, त्यावर धुक्याची एक सपाट पट्टी, आणि पलीकडे गड, पाण्यावर तरंगत आल्यासारखा. आम्ही आळीपाळीने डोळा लावायचो आणि नाही म्हणून मान हलवायचो. असे किती रविवार गेले ते आठवत नाही. मला तर तो गड कधी स्पष्ट होऊच नये असं वाटायला लागलं होतं. मग एका सकाळी दाजी डोळा लावून बराच वेळ हलले नाहीत. शेवटी त्यांनी ताईला हाक मारली. ताई पदराला हात पुसत वर आली, वाकली, आणि म्हणाली, “अगंबाई, तटबंदी दिसतीय.” दाजी पायरीवर बसले आणि त्यांनी तो सबंध दिवस दुसरं काही केलं नाही.

पुढे लेन्स वाढत गेल्या. कुणाच्या माळ्यावरून एक आली, जुन्या बाजारातून दुसरी आली, तिसरी जर्मनीची होती, तिची काच वयाने पिवळी पडलेली. अशी काच उन्हात ठेवली की हळूहळू निवळते, म्हणून दाजी ती गच्चीवर पापडांच्या रांगेत मांडायचे आणि ताई पापड परतताना तिलाही परतायची. पावसाळ्यात आमच्या घाटमाथ्यावर चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा. त्यावर उपाय म्हणून दाजींनी कपाटात झिरोचा बल्ब लावला. ताई म्हणते, “माझ्या पैठणीला दमट वास येतो, पण ह्यांच्या भिंगांना शेक मिळतो.” नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी ती पांढरी पुडी असते ना, तीही दाजींना हवी असते. नात्यात कुणी नवे बूट घेतले की अभिनंदनाचा पहिला फोन दाजींचा येतो आणि दुसऱ्या वाक्यात पुडी येते.

आणि फोटो. त्या जुन्या काचांतून आमचा मावळ वेगळाच दिसायचा. समोरून ऊन आलं की फोटोभर दुधासारखा उजेड पसरायचा, मागची झाडं वितळून गोल गोल फिरायची, आणि मध्ये एक माणूस, आत्ताच झोपेतून जागा झाल्यासारखा. कॅमेऱ्यात फोकस जुळल्यावर कडांना लाल रेघा दाखवायची सोय होती. ती दाजींनी बंद करून टाकली. “ही कापी करून पास व्हन्यातली गत झाली,” म्हणाले. ते डोळ्याने जुळवायचे. नाणे मावळाच्या अंगाला डोंगरात एक वस्ती आहे. तिथली माणसं खाचरांत लावणीला, कापणीला येतात, तेव्हापासूनची दाजींची ओळख. तिथे जाऊन ते एकेकाला अंगणात बसवायचे, फोटो काढायचे, आणि पुढच्या खेपेला छापून, चौकटीत घालून नेऊन द्यायचे.

गेल्या तीनेक वर्षांत त्या फोटोंतलं धुकं वाढत गेलं. मला ते दिसत होतं. ताईलाही दिसत होतं. भाचीने ते इंटरनेटवर टाकले, तर लोकांनी स्वप्नासारखे म्हणून डोक्यावर घेतले. आमच्या लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याने पाहुण्यांच्या खोल्यांत लावले. मीही म्हणालो, “दाजी, यंदा हात काय बसलाय.” मला खरंच ते आवडत होते. पण पापण्यांचे केस मोजता येतील असा एकही चेहरा त्यांत उरला नव्हता, हेही खरं.

मग एके दिवशी मी कान्ह्याला गेलो, तेव्हा दाजी ओसरीवर हातात कॅमेरा घेऊन बसले होते. लेन्स कडीत वाकडी शिरून अडकली होती. ज्या माणसाने आयुष्यात चटणीच्या बाटलीचं झाकणसुद्धा तिरकं लावलं नाही, त्याच्या हातून बेचाळीसचा आटा वाकडा गेला होता. मला बघून ते म्हणाले, “पावनं, माज्या हातनं झालं.” ताई दारातूनच म्हणाली, “हाताचं नाही ते. सकाळी चहा बशीऐवजी सतरंजीवर ओतलात. डोळे दाखवा.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तळेगावच्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत होत्या. आतली जुनी काच काढायची आणि नवी लेन्स बसवायची, त्यांनी समजावलं. दाजींनी विचारलं, “आटं किती पिचचं असत्यात?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आटे नसतात, काका. दोन बारीक मिशा असतात, त्या आत धरून ठेवतात.” दाजींना हे फारसं पटलं नाही. “आन फोकस?” “तो कायमचा एकाच जागी.”  घरी येताना तळेगाव मागे पडल्यावर दाजी म्हणाले, “आडव्या आठावर बसवायला सांगू. जवळचं चष्म्यानं बगता यील.”

दोन्ही डोळे झाले. पट्टी सुटल्यावर आठवड्याने त्यांनी तीन वर्षांचे फोटो कपाटातून बाहेर काढले आणि जमिनीवर मांडले. मी समोर बसलो होतो. एकेक फोटो उचलून ते चष्म्याजवळ नेत होते आणि खाली ठेवत होते.

“तुमास्नी दिसत व्हतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बोलला का न्हाई?”

“मला आवडत होते, दाजी.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.  त्याऐवजी त्यांनी एक फोटो माझ्यापुढे सरकवला. वस्तीवरच्या एका म्हातारीचा आणि तिच्या नवऱ्याचा. दोघं अंगणात बसलेले, नवऱ्याचा हात पुढे टेकलेल्या काठीवर. चेहरे दोन्ही पुसट. “लोकांचं म्या परत काढीन. पन ह्यो म्हातारा गेल्या वरसी भात कापायच्या आदीच गेला. तिच्याकडं त्येचा दुसरा फोटू न्हाई.”

आम्ही वस्तीवर गेलो. त्या म्हातारीने, दाजी तिला मावशी म्हणतात, फोटो भिंतीवर, दाराच्या समोर लावला होता. दाजी अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, त्यो फोटू चुकलाय. तोंड नीट आलं न्हाई. माज्या डोळ्याचा दोष व्हता.”

मावशी भिंतीकडे वळली. “चुकलाय कुटं? आसंच तर दिसायचे मला. चारपाच वरसं झाली.”

दाजींनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या पांढुरक्या झाल्या होत्या.

 पुढचे पंधरा दिवस मला त्यांचे फोन येत राहिले. मावशीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं हे तर उघड होतं. पण नजर आली की तिला फोटोतलं धुकं दिसणार, आणि आज भिंतीवर जो नवरा तिला दिसतो तो दिसेनासा होणार. “आंधारात ठिवू का तिला?” ते विचारायचे, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायचे, “न्हाई, आसं कसं.” शेवटी त्यांनीच तिला नेलं. दोन्ही खेपांना बरोबर बसून राहिले, डोळ्यात थेंब घालायच्या वेळा तिच्या सुनेला चारचारदा समजावल्या.

महिन्याने आम्ही पुन्हा वर गेलो. कापणी झाली होती, खाचरांत धसकटं उरली होती. मावशी आम्हाला बघून उठली, आणि लांबूनच दाजींना म्हणाली, “केस लय पिकलं की तुमचं, भाऊ.” मग ती आत गेली, चौकट भिंतीवरून काढून घेऊन आली आणि अंगणात उन्हाला बसली. दाजी तिच्यासमोर उकिडवे बसले, मान खाली घालून.

“तोंड न्हाई दिसत,” ती म्हणाली.

“व्हय, मावशी.”

“पन हात बगा.”

आम्ही वाकलो. त्या दिवशी फोकस चेहरे सोडून पुढच्या काठीवर गेला होता. सगळ्या फोटोत तेवढा एक हात लखलखीत उमटला होता. नखांतली माती, शिरा, अंगठ्याशी विळ्याची जुनी खूण, करंगळीवरची चामखीळसुद्धा. दाजींनी तो फोटो शंभरदा पाहिला असेल, पण चुकलेलं सोडून त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

मावशीने त्या विळ्याच्या खुणेवर काचेवरून बोट ठेवलं. “ही आमच्या लग्नाच्या वरसाची,” ती म्हणाली. “मी इसरूनच गेलते.”

तिने बोट उचललं नाही. ऊन तिच्या पाठीवर होतं आणि खाली नाणे मावळात दुपारचा धूर पसरत होता. दाजींच्या गळ्यात कॅमेरा होता, पिवळेपणा निवळलेली जर्मन लेन्स त्याला लावलेली. मला वाटलं, आता ते डोळा लावतील. त्यांनी कॅमेरा पाठीमागे सरकवला आणि मावशी चहा टाकायला उठेपर्यंत तसेच बसून राहिले, नुसते बघत.