मुंगवड्या घालताना काढलेला फोटो

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या मोबाईलवरून तिच्या मैत्रिणींना एक फोटो पाठवणं. सकाळचे दहा वाजले असतील. हिंदी मुलखात, बीरगांवातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ती जुनं लुगडं पसरून मुंगवड्या घालत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत वाटलेल्या डाळीनं भरलेले, म्हणून मोबाईल माझ्या हातात.

नात दहावीला. बोर्डाचे पेपर चालू होते, म्हणून सुनेनं मोबाईल काढून घेतला आणि सासूकडे ठेवायला दिला. पण पोट्टीनं आजीला आधीच फितवलं होतं. पाच मैत्रिणींना रोज एक फोटो पाठवायचा, त्यांनीही पाठवायचा, असा काहीतरी प्रकार. किती दिवस सलग चाललं त्याचा आकडा मोबाईलच दाखवतो. एक दिवस चुकला की आकडा गेला आणि मैत्रीण फुगली. एका पोरीसोबत तो तीनशेच्या वर गेला होता. फोटो कशाचा? कशाचाही. भिंतीचा, चपलेचा, दुधीभोपळ्याचा.

मी म्हणायचो, "कोनाच्या डोक्यातून निघालं हे? लेकरं लावली कामाले, आता म्हातारी बी लावली."

ती म्हणायची, "तिचा नेम हाय. परीक्षेपुरता मी चालवून राहिली. तुमचं काय गेलं?"

मी चौथी शिकलेलो, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात रिव्हेट ठोकत आयुष्य गेलं. ती तर शाळेत गेलीच नाही. तरी मैत्रिणींच्या चित्रावरून कोण कोणती ते ओळखायची आणि पाचही जणींना बरोबर फोटो धाडायची. त्या दिवशी ते काम माझ्यावर आलं.

"दाबा ना. खालचा गोल."

"दोन गोल हायेत."

"मोठा, अवो मोठा! अन् वड्यांचा काढा, माहा नाही!"

हे ओरडतानाच फोटो निघाला. वड्या चार-दोनच आल्या, बाकी सगळी ती. पदर खोचलेला, दोन्ही हात वर, समोरचे दोन दात नसलेलं तोंड उघडं. मी म्हटलं, बरा आला. ती म्हणाली, मग पाठवा, पाच पोरी आहेत, पाच वेळा बोट लावा. मी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट लावलं आणि फोटो गेला. एकदाच लावलं, तरी गेला. मला वाटलं, आपण तिच्यापेक्षा हुशार निघालो.

साडेबाराला ती खाली आली, पाणी प्याली, खुर्चीवर बसली आणि बसल्या जागीच गेली. मागच्या गल्लीतला डॉक्टर आला आणि मान हलवून गेला. मुलगा उरला इथल्या कारखान्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आला. चार वाजता तिला नेलं, ऊन असताना परत आलो. तिथलं मी लिहिणार नाही.

समोरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. नात मागच्या खोलीत एकटी. दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर. दोन घास खा म्हणून सांगायला गेलो, तर पोट्टी मोबाईल घेऊन बसलेली.

"आबाजी, मैं कल पेपर देने नहीं जाऊंगी."

माझं डोकं सरकलं. "आजीची राख गरम हाय अजून, अन् तू हे घेऊन बसली? तुटला काय आकडा? त्याच्यासाठी रडून राहिली?"

हे मी बोललो. मी जन्मभर फटकळ. त्याचं वाईट वाटायची पाळी त्या दिवशी आली.

तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला.

त्यात माझी बायको होती. गच्चीवरचा तोच फोटो. पण कोणीतरी तिचं तोंड उघडमीट करत ठेवलं होतं, मागे बँडबाजा वाजत होता, डाळीनं भरलेले हात नाचत होते, डोक्यावर गाढवाचे कान. खाली पोरांनी लिहिलेलं. मी म्हटलं, वाच. ती वाचेना. मी म्हटलं, वाच म्हणतो ना.

"वड़ी वाली दादी. दादी के दांत कौन ले गया. तू भी बुड्ढी होके ऐसी ही दिखेगी."

वर वेळही होती. साडेअकराला कोणीतरी ते बनवलं, बारापर्यंत सगळ्या वर्गांतल्या पोरांकडे फिरलं. आम्ही तिला खांद्यावर घेऊन निघालो तेव्हाही ते फिरतच होतं.

"पन हे त्याइच्याकडे गेलं कसं?"

पोट्टी हळूच बोलली, "आपने सबको भेज दिया, आबाजी. ऊपर वाला दबाने से सबको दिखता है."

मला दोषही दिला नाही तिनं. दिला असता तर बरं झालं असतं. तिनं आपल्याकडून तो फोटो काढून टाकला होता, पण बाकीच्यांनी आधीच उचलला होता. आणि बनवलं कोणी? तीनशे दिवसांच्या मैत्रिणीनं. जिच्यासाठी माझी बायको रोज चष्मा पुसून मोबाईल उघडायची, तिनंच.

"मग सांग ना तिले, आजी गेली म्हनून."

"लिखूंगी तो उस पे भी हँसेंगे."

पंधरा वर्षांच्या पोरीला हे पाठ झालं होतं. घरात माणूस मेलं, तर ते सांगायचं की लपवायचं, हे तिला हसणाऱ्यांचा विचार करून ठरवावं लागत होतं.

कोणी म्हणेल, चिडवणं आधीपासून चालत आलं. चालत आलं, मला काय शिकवता? आमच्या कारखान्यात एक खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, अडखळत बोलायचा. आम्ही त्याची नक्कल करायचो, मी सगळ्यात जास्त. पण तो समोर असायचा. एकदा त्यानं मला पाना फेकून मारला, खांद्याला लागला. मग त्याचा चेहरा पाहिला आणि माझी जीभ आत गेली. या लेकरांना चेहरा दिसतच नाही. पाना कोण फेकणार? उलट जितके जास्त हसतील तितकी शाबासकी तोच मोबाईल देतो. ती मैत्रीण वाईट पोरगी नाही. आमच्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेली, "आजी, एक और" म्हणून मागून घेतलेली. तिला हे कोणी शिकवलं? ज्यांनी मोबाईलमधला हा आकड्याचा खेळ बनवला ते मोठे शिकलेले लोक आहेत, माझ्यासारखे चौथी पास नाहीत. एक दिवस फोटो चुकला तर पोरगी रडते हे त्यांना माहीत आहे. तेच पाहिजे आहे त्यांना. आमच्या वॅगनचा एक रिव्हेट ढिला निघाला तर साहेब सगळ्या पाळीला उभं करायचा. यांना कोण उभं करतं?

सकाळी मी शर्ट घातला तर शेजारचे भाऊजी म्हणाले, "तीन दिवस घर सोडत नाहीत. लोक भेटायले येतील."

"येऊ द्या. बसवा त्याइले."

सून म्हणाली, "मामाजी, तुम्ही राहा. मी कोनासोबत तरी पाठवतो तिले."

"कोनासोबत नाही."

नात कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "ठीक हाय. तू नको येऊ. मी एकटा जाऊन उभा राहतो गेटवर. फोटो मीच धाडला होता म्हनून सांगतो. मलेच हसतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून पेनं शोधायला लागली.

ऑटोनं गेलो. परीक्षेच्या शाळेसमोर पोरं-पोरी घोळक्यानं उभे होते. आम्हाला पाहून कुजबूज झाली, पण हसलं कोणी नाही. आत मोबाईल चालत नाही म्हणून सगळे रिकाम्या हातानं आले होते आणि त्या हातांचं काय करावं ते कोणाला समजत नव्हतं. ती मैत्रीण पुढे आली. कोणाकडून तरी तिला कळलं असावं.

"सॉरी दादाजी. हमको पता नहीं था कि आजी..."

"क्या पता नहीं था? मर गई ये पता नहीं था?"

तिनं मान खाली घातली.

"और जिंदा रहती तो?"

ती मागच्या पोरींकडे पाहायला लागली.

"बता ना बेटा. जिंदा रहती तो चलता था?"

ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला पाहिजे होता असं सून म्हणते. असेल. माझ्यानं झालं नाही.

घंटा झाली. नात एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहून आत गेली. चौकीदार म्हणाला, "घर जाओ बाबा, तीन घंटे का पेपर है." मी म्हटलं, माहीत आहे. भिंतीला टेकून खाली बसलो, आणि ऊन आलं की थोडा थोडा सावलीकडे सरकत राहिलो.