जास्वंदीचं पान मी मोकळं केलं

शाळेत मी गेलो तो थेट पोरीचा बाप म्हणून. त्याआधी वर्ग आतून बघितला नव्हता. पण बोलायला सगळ्यांच्या पुढे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत गणपतीच्या नाटकात येड्याचं काम मलाच द्यायचे. मेकअप नाय, काय नाय, तसाच उभा करायचे. लोक हसले की मला वाटायचं, आपण कोणीतरी आहोत.

पोरगी तेव्हा आठवीत. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. पहिला नंबर आला तर मुलुंडच्या मोठ्या प्रदर्शनात जायला मिळणार होतं, त्यामुळे तिचं जेवणातसुद्धा लक्ष नव्हतं. तिने जास्वंदीची कुंडी आणली आणि दोन दिवस खाटेखाली ठेवली, वर गोणपाट टाकून.

मी विचारलं, "काय गं, हिने काय खून केलाय?"

"पानात साठलेलं अन्न आधी संपवायला लागतं, बाबा. तुम्ही हात लावू नका हां."

प्रदर्शनाच्या सकाळी तिने एका पानावर काळ्या कागदाची पट्टी टाचणीने लावली, कुंडी गॅलरीत उन्हात ठेवली आणि टेबल मांडायला शाळेत गेली. मी रात्रपाळी करून आलेलो. बघतो तर बाकीची पानं मजेत ऊन खातायत आणि ह्या एकाचं तोंड बांधलेलं. जीव तुटला ना माझा! पट्टी काढली, ओल्या फडक्याने पान पुसलं. दुपारी ती कुंडी न्यायला यायच्या आत पट्टी होती तिथे परत लावली. स्वतःवर एवढा खूश, की झोपच नाय आली.

शाळेत सगळ्यांसमोर तिने पट्टी काढली, पान स्पिरिटात उकळलं. पान पांढरं पडलं. मग त्यावर आयोडीन टाकलं, तर पान सगळंच्या सगळं काळंनिळं झालं.

मी टाळ्या वाजवल्या. "झकास!"

वाजवणारा मी एकटाच.

बाई तिला म्हणाल्या, "पट्टीखाली उजेड नाही, म्हणजे तिथे अन्न बनणार नाही. तेवढा भाग फिका राहायला हवा. तू पट्टी आत्ता येताना लावलीस ना?"

"नाही बाई. सकाळीच लावली. खरंच."

बाईंना पटलं नाय, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग मी मध्ये पडलो. "ओ बाई, तिला काय बोलू नका. मीच काढून ठेवलेली दुपारपर्यंत. म्हटलं, बिचाऱ्याला चार घास उन्हाचे खाऊ दे!"

सगळा हॉल हसला. आणि मी येड्याने, सवयीने, कमरेत वाकून नमस्कार केला.

वर बघितलं तर पोरगी टेबल पुसत होती. टेबल कोरडंच होतं. तरी पुसत होती.

घरी बायको म्हणाली, "तुमका कोणी सांगितलेला हात लावूक?"

मुलुंडला दुसरंच कोण गेलं. बाईंनी पोरीला प्रयोग परत करायला सांगितलं, नंबरासाठी नाय, तिच्या समाधानासाठी. ह्या वेळी कुंडी तिने शेजारच्या काकूंकडे ठेवली. मी त्यांच्या दारात गेलो.

"बघू का गं?"

"तिथनंच बघा, बाबा."

उंबऱ्याबाहेर उभा राहून, हात मागे बांधून, मी बघितलं.