डॅशबोर्डवरचा हात

माझे बाबा गाड्यांना इंजिनात जादा हवा ढकलणारे टर्बो बसवतात, पण कुणी गिऱ्हाईक ताटाएवढा टर्बो घेऊन आलं की त्यांचं डोकं फिरतं. "अरे, हवा कोंबशील, पण तेवढं पेट्रोल कोण पाठवणार? आधी इंधनाचा पंप आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदल, मग बोल!"

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. लग्नानंतर त्यांनी स्वतःच्या लाल गाडीला मोठा टर्बो लावला आणि पंप जुनाच ठेवला. मग ऐटीत आईला फिरायला नेलं. चढावर इंजिनात हवा भरमसाट गेली, पेट्रोल पुरलं नाही, आणि पिस्टन वितळला. आईने नव्या चपलांनिशी गाडी ढकलली. तेव्हापासून गाडीने वेग घेतला की तिचा हात आपोआप डॅशबोर्डवर जातो.

यंदा बाबांनी तीच गाडी पुन्हा बांधली. आधी मोठा पंप, मग इंजेक्टर, शेवटी छोटासा टर्बो. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनवरचे आकडे मी वाचायचे. बाबा मात्र आईला शेजारी बसवून फेरी मारताना तिचा हात बघायचे. तो उचलला गेला की परत येऊन बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी करायचे. तेराव्या फेरीला हात मांडीवरच राहिला.

"जमलं!" बाबा म्हणाले.

"मग उतरा आता, मी चालवते," आई म्हणाली.

त्याच चढावर तिने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि बाबांचा हात डॅशबोर्डवर गेला. मागच्या सीटवर मी हसू दाबलं. आईने तो हात हळूच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाय आणखी दाबला.