दुसरी हाक आलीच नाही

आधीच सांगतो, साताऱ्यातल्या आमच्या घरात देव्हारा नाही. त्या कोनाड्यात वडिलांनी गावोगाव वाटलेल्या अंधश्रद्धाविरोधी पुस्तिकांचे गठ्ठे आहेत. त्याच वाचत मी वाढलो. असलं काही मी कधी लिहीन असं कुणी म्हणालं असतं, तर भांडलो असतो...

गेल्या उन्हाळ्यात आटपाडीजवळ मावशीच्या वस्तीवर गेलो होतो. मावशीचा नियम असा — बाहेरून कुणीही बोलावो, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या दोन भुताच्या असू शकतात म्हणे! मी मुद्दाम पहिल्याच हाकेला ओ देतो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्या दुपारी आमचं जुंपलं होतं.

"अगं मावशी, भूत नसतं. देवपण नसतो."

"ह्ये न्हाई, त्ये न्हाई... मग तुज्याकडं हाय तरी काय रं?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून स्पष्ट हाक आली — "बंडूऽ!" मला या नावाने फक्त घरचेच बोलावतात.

"ओ!" मी उठलोच.

"बस खाली! मला काय बी ऐकू आलं न्हाई. अजून दोन येऊ देत."

"बघून तर येतो."

बाहेर कुणी नव्हतं. दोन शेतं पलीकडे, कोरड्या विहिरीच्या काठावर वस्तीवरच्या नामा मेंढपाळाच्या मेंढ्या गोळा होऊन उभ्या होत्या. नामा दिसेना. धावत जाऊन डोकावलो — तो तळाशी बेशुद्ध पडलेला. आणि नामाला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही.

वस्तीवरच्या लोकांनी बाजल्याला दोर बांधून त्याला वर काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर वाचला नसता.

मावशी म्हणाली, "देवानंच हाक मारली तुला."

"मलाच बरी? मी तर त्याला मानतही नाही."

"मग काय करंल त्यो? पयल्या हाकेला उठणारा हितं तू एकलाच हायस!"

हसलो. पण तिचा आधीचा प्रश्न डोक्यातून जाईना. देव नाही, हे एका प्रश्नाचं उत्तर झालं. तेवढ्यावर जगता येत नाही. मला विहिरीपर्यंत नेलं ते त्या 'नाही'ने नव्हे, जाऊन बघायच्या सवयीने. आणि तीच सवय आता मला सोडत नाही. उन्हाचा भास? मेंढ्यांचं ओरडणं? विहिरीत माणूस उतरवून ओरडायला लावलं, घरात काही ऐकू आलं नाही. मी त्या रिकाम्या जागी देव भरणार नाही. पण सोयीचं उत्तरही भरणार नाही. माहीत नाही, एवढंच प्रामाणिकपणे लिहितो. दुसरी हाक मात्र आलीच नाही, हे नक्की.

नामा पुन्हा मेंढ्या चारतोय. परवा वस्तीवर गेलो, दारातून एकदाच "मावशी!" म्हणालो.

आतून लगेच आवाज आला — "ओ!"