सोडून दिलेली वाडी

मोहोपाड्यात अब्बांचं किराणा दुकान आहे. एका दुपारी मी गल्ल्यावर बसले होते, तेव्हा डोंगराकडच्या कातकरी वाडीतल्या मावशी जुन्या इंग्रजी नकाशाची झेरॉक्स घेऊन आल्या. वाडीला जाणारी वाट एका नव्या प्लॉटवाल्याने तारेचं कुंपण घालून बंद केली होती. ती वाट जुनी आहे हे दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत दाखवायचं होतं.

"तू इंग्लिश मिडियमची ना गं? वाच."

वाडीचं नाव सापडलं. त्याखाली बारीक अक्षरांत 'डेझर्टेड' लिहिलं होतं. मराठी शब्द पटकन सुचेना.

"सोडून दिलेली," मी पुटपुटले.

"कोनी सोडली? नवऱ्यानं?"

मागे साखर तोलणारे अब्बासुद्धा हसले. माझे कान तापले.

"म्हणजे ओसाड. तिथं कोणी राहत नाही, असं लिहिलंय."

मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात आला असंल सायब मोजायला. तवा वाडीत कोन नसतं. माजी आजी कोळशाच्या भट्टीवर जायची, मी विटांच्या जाते. पावसाच्या तोंडावर परत येतो."

शाळेत असताना मेच्या सुट्टीत मी अब्बांच्या स्कूटरवरून ती वाडी पाहिली होती. झोपड्यांच्या दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या, आवाज कुठलाच नाही. त्यावर मी इंग्रजीत निबंध लिहिला, भुतांचं गाव म्हणून. टीचरने तो वर्गात वाचून दाखवला. आणि दर पावसाळ्यात मीच मावशींना मीठ-मिरची बांधून देत होते. साहेब निदान परका होता.

मावशींची नजर टाळायला मी कागदावर वाकले, तेव्हा ठिपक्यांची एक रेघ दिसली. नदीपासून निघून थेट वाडीपर्यंत गेलेली. कोपऱ्यातल्या खुणांच्या यादीशी मी ती दोनदा ताडून पाहिली.

"मावशी, ही पायवाट आहे. तुमचीच."

"ओसाड वाडीला वाट?" त्या मोठ्याने हसल्या. "मंग उद्या ये तू. ओसाड बी आन वाट बी, दोनी वाच, सगळ्यांपुढं. कोन चालत व्हतं, ते आमी सांगू."

चार माणसांत बोलायचं मी नेहमी टाळते. तरी "येते" म्हणाले.

निबंधाचं मात्र तोंडातून निघालं नाही.