दीड टन आणि एक शेगडी

माझ्या वरच्या खोलीसाठी एक टनाचा एसी गळ्यात मारणाऱ्या दुकानदारावर माझा दोन वर्षांपासून दात आहे. त्याने तेव्हा फक्त लांबी-रुंदी विचारली. डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात, याची चौकशीच नाही. मे महिन्यात एसी नुसता घरघरायचा. भांडायला गेलो तर म्हणाला, "मशीन ठीक हाय भाऊ, तुमची खोलीच गरम हाय."

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती, तेही वैशाखात. फोनवर तिने सांगून टाकलं, "पप्पा, खोली गार होत असंल तरच येते. न्हाईतर इकडंच ऱ्हाते."

पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? मी पेटलो. टेप आणली, उंचीसुद्धा मोजली. खिडक्या, माणसं, टीव्ही, सगळं कागदावर मांडलं. एसी दुरुस्त करणाऱ्या चाचांनी कशाची किती गरमी धरायची ते सांगितलं. बेरीज दोन टनांच्या वर गेली. मग मी उन्हाशीच घासाघीस सुरू केली. स्लॅबला पांढरा रंग दिला, हो खाली! पश्चिमेला हिरवी जाळी लावली, अजून खाली! दीड टनावर आणूनच सोडलं. एवढा झकास सौदा मी जन्मात केला नव्हता.

बीडला त्याच दुकानात गेलो.

"वरची खोली ना? डोळे झाकून दोन टन घ्या."

"मागं झाकले होते. आता हे वाच बे!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याने कागद दोनदा वाचला, जुनं मशीन परत घेतलं आणि दीड टनाचं दिलं.

घरी आल्यावर बायकोला हिशेब वाचून दाखवला.

"अवं, यात शेगडी कुठंय?"

"कसली शेगडी?"

"बाळंतिणीच्या बाजंखाली ठेवायची. शेक द्यायचा न्हाई का?"

"मी एवढं ऊन हाकललं, आन् तू खोलीत निखारे आणणार?"

"मग लेकराला काय एसीनं शेकू?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. बायकोने तो उचलला आणि भांडण तसंच चालू ठेवलं.

"शेक शेजारच्या खोलीत," मी म्हणालो. "सकाळी, एकदाच."

"दोनदा. आन् एसीचं वारं बाळावर न्हाई."

"दोनदा, पण शेगडी इकडं आणायची न्हाई!"

फोनमधून मुलगी हसत म्हणाली, "दोन्ही खोल्यांत बाज टाका. शुक्रवारी निघते मी."

बायको माझ्याकडे न बघता दुसरी बाज झाडायला लागली.